झाकणाआडचे धुणे

अमेरिकेत जुन्या मोटारींचे, आगगाडीच्या इंजिनांचे आणि ग्रामोफोनांचे शौकीन जसे आहेत, तसेच कपडे धुण्याच्या यंत्रांचेही आहेत, हे ऐकून पुष्कळांना प्रथम हसू येते. ही मंडळी अधूनमधून एकमेकांच्या घरी जमतात. यजमानाच्या तळघरात पन्नास-साठ वर्षांपूर्वीची यंत्रे ओळीने मांडलेली असतात. त्यांना नळ जोडलेले असतात, सांडपाण्याची सोय केलेली असते. पाहुणे येताना घरचे मळके टॉवेल आणि चादरी बरोबर आणतात. मग यंत्रे सुरू होतात आणि झाकणे उघडी ठेवून सारे भोवती उभे राहतात. टॉवेल मध्यभागी केव्हा बुडाला, टबाच्या कडेने वर यावयास त्याला किती वेळ लागला, कोणत्या यंत्राचा हेलकावा लांब आणि कोणत्याचा आखूड, यावर तासन्‌तास चर्चा चालते. एखाद्या कारखान्याने नवे यंत्र बाजारात आणले, की यांच्यापैकी कोणीतरी ते पदरमोड करून घरी आणतो आणि त्याचे गुणदोष इतरांपुढे मांडतो.

कॉलोराडो राज्यातील ईटन या गावी ली मॅक्सवेल या गृहस्थांनी तर अशी हजाराहून अधिक यंत्रे गोळा केली. मॅक्सवेल हे कॉलोराडो राज्य विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. १९८५ च्या सुमारास त्यांनी पत्नीसह हा संग्रह आरंभिला आणि तो पुढे गिनेसच्या विक्रमांत नोंदला गेला. लाकडी पिंपाला दांडा बसविलेल्या हातयंत्रांपासून विजेवरच्या यंत्रांपर्यंत धुण्याचा सारा इतिहास त्यांनी एका छपराखाली आणून ठेवला.

मोटारीच्या इंजिनाचा आवाज ओळखणाऱ्याला जाणकार म्हणावयाचे आणि धुलाई यंत्राचा आवाज ओळखणाऱ्याला विक्षिप्त, हा न्याय कोठला? त्याचे कारण शोधू गेल्यास ते यंत्रात नाही, धुण्यात आहे. धुणे हे घरातील काम, ते बहुतेक बाईने करावयाचे आणि ते झाले आहे हे कोणाच्या लक्षातही येऊ नये, अशी जगभरची समजूत. रूथ श्वार्ट्‌झ कोवन या अमेरिकन इतिहासकार विदुषीने १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे साधार दाखविले, की घरात यंत्रे आल्याने गृहिणीचे कष्ट हलके झाले, तरी तिचे कामाचे तास म्हणावे तसे घटले नाहीत. स्वच्छतेची अपेक्षाच वाढली, आणि आठवड्याचे धुणे रोजचे झाले. ज्या कामाची कोणी दखल घेत नाही, त्या कामाचे यंत्र नीट चालते की नाही, याचीही दखल फारशी कोणी घेत नाही. हे शौकीन ती घेतात. त्यांच्या वेडाची थट्टा करण्यापूर्वी एवढे तरी ध्यानात घ्यावयास हवे.

त्यांच्या कौतुकाचा मुख्य विषय म्हणजे टबाच्या मधोमध उभा असणारा, खाली रुंद आणि वर निमुळता, पाती असलेला खांब. त्याला ते ‘ॲजिटेटर’ म्हणतात. मराठी घरात त्याला शब्द शोधावयाचा तर तो स्वयंपाकघरातच सापडतो. ती रवी आहे. ताक घुसळताना रवीला दोरीचे वेढे देऊन दोन्ही टोके आलटून पालटून ओढतात, आणि रवी एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे फिरते. ॲजिटेटरचेही तसेच, तो अर्धा-पाऊण वेढा इकडे फिरतो आणि तितकाच तिकडे. काही यंत्रांत असा एक हेलकावा सेकंदाला होतो, काहींत दोन-तीन. (पंजाबातील ढाब्यांवर धुलाई यंत्रात लस्सी घुसळतात, अशा बातम्या येऊन गेल्या आहेत, त्या ढाबेवाल्यांना या साम्याची ओळख कोणी करून द्यावी लागली नसणार.) मात्र ताकात रवीने लोणी वर काढावयाचे असते, आणि टबात कपडे एकसारखे खालीवर करावयाचे असतात. मध्यभागी बुडालेला कपडा तळाशी जाऊन कडेने पुन्हा वर आला पाहिजे; तो जागच्या जागी फिरत राहिला तर त्याची एकच बाजू घासली जाते. हा फेर साधणे हीच रवीची खरी कसोटी.

आरंभी ही रवी झाकणाला उलटी टांगलेली असे. लाकडी खुंट्यांची तिवई वरून पाण्यात उतरे आणि कपड्यांना धरून फरफटवी. आयोवा राज्यातील न्यूटन गावच्या मेटॅग कंपनीत हॉवर्ड स्नायडर नावाचा हिकमती कारागीर होता. त्याने ती झाकणावरून काढून टबाच्या तळाशी बसविली. १९२२ साली ‘जायराफोम’ या नावाने ते यंत्र विक्रीस आले. आता कपड्यांना रवी ओढत नव्हती. रवी पाण्याला ढकलत होती आणि पाणी कपड्यांमधून जात होते. बदल तसा लहान. परंतु शेतीची अवजारे करण्यासाठी १८९३ मध्ये निघालेली ती कंपनी त्या बदलाच्या बळावर धुलाई यंत्रांची अग्रगण्य कारखानदार झाली आणि न्यूटन गावाला धुलाई यंत्रांची राजधानी म्हणू लागले.

दुसऱ्या महायुद्धानंतर रव्यांचे जणू पीकच आले. कपडे समोरून भरावयाचे, आडव्या ढोलाचे पहिले स्वयंचलित घरगुती यंत्र बेंडिक्स कंपनीने १९३७ मध्येच आणले होते. पण ते जमिनीला बोल्टांनी जखडावे लागे, नाहीतर पिळताना घरभर नाचे. १९४७ च्या सुमारास वरून कपडे टाकावयाची स्वयंचलित यंत्रे जनरल इलेक्ट्रिक, फ्रिजिडेअर आणि सीअर्सच्या दुकानांसाठी यंत्रे करणारी, पुढे व्हर्लपूल नावाने प्रसिद्ध झालेली कंपनी, अशा तिघांनी बाजारात आणली. प्रत्येकाची रवी निराळी. फ्रिजिडेअर ही तेव्हा जनरल मोटर्सची शाखा होती. तिची रवी गोल फिरतच नसे. मुसळासारखी वरखाली होत असे. तिच्याभोवतीचे पाणी असे काही उसळे, की आजही जाणत्यांच्या मेळाव्यात या यंत्राभोवती सर्वांत जास्त गर्दी होते. १९७० च्या दशकाच्या मध्यास सीअर्सच्या केनमोर यंत्रांत दुहेरी रवी आली. तिचा खालचा भाग नेहमीसारखा हेलकावे घेई आणि वरचा भाग मळसूत्रासारखा एकाच दिशेने फिरत कपड्यांना खाली रेटी. ही करामत आतल्या चार चिमुकल्या प्लास्टिकच्या खटक्यांवर अवलंबून असे. ते झिजले की वरचा भाग फिरेनासा होई. झाकण उघडून पाहणाऱ्याला ते तत्क्षणी कळे. चार खटके किरकोळ पैशांत मिळत, आणि ते बदलावयास मेकॅनिकची गरज नसे.

या शौकिनांच्या साऱ्या खटाटोपामागे एक गोष्ट गृहीत होती. ती म्हणजे यंत्र डोळ्यांदेखत काम करते. पाणी किती भरले, कपडे हलतात की नाही, फेस निघून गेला की राहिला, हे घरातल्या कोणालाही दिसे. भारतातही १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मध्यमवर्गीय घरांत जी दोन टाक्यांची यंत्रे शिरली, त्यांचीही तऱ्हा हीच होती. ती जपानी वळणाची होती. ब्रिटनमध्ये हूवर कंपनीने १९४८ साली टबाच्या बाजूला फिरती तबकडी बसविली होती. जपानच्या सान्यो कंपनीने १९५३ मध्ये त्याच धर्तीचे यंत्र केले, आणि पुढे ती तबकडी टबाच्या तळाशी गेली. या यंत्रात गृहिणी पांढरे कपडे आधी धुई, त्याच साबणाच्या पाण्यात रंगीत कपडे टाकी, आणि शेवटी पायपुसणी. पाणी केव्हा टाकून द्यावयाचे, ते ती पाण्याच्या रंगावरून ठरवी. तो निर्णय यंत्राचा नव्हता.

अमेरिकेत हा निर्णय हळूहळू यंत्राकडे गेला. तो का गेला, हे नीट पाहिले पाहिजे. कारण त्यात कारखानदारांची लबाडी तेवढी आहे, असे मानणे अन्यायाचे होईल.

मळ निघण्यास चार गोष्टी लागतात: साबणाचे रसायन, उष्णता, घासणे किंवा आपटणे, आणि वेळ. हेंकेल या जर्मन साबण कंपनीतील रसायनतज्ज्ञ हर्बर्ट झिनर यांनी १९५९ मध्ये हे एका वर्तुळात मांडले. वर्तुळाचा एक भाग लहान केला, तर उरलेल्यांपैकी कोणतातरी मोठा करावा लागतो. आपल्याकडचे परीट हे पुस्तकाशिवाय जाणून होते. भट्टीत उष्णता, दगडावर आपटणे, पापडखाराचे रसायन, आणि वेळेला तोटा नाही. जुन्या अमेरिकन यंत्राने उष्णता आणि पाणी यांची चैन केली होती. एका खेपेला ते दीडशे लिटरच्या आसपास पाणी घेई, आणि गरम पाण्याच्या धुण्यात जी ऊर्जा खर्ची पडे, तिचा फार मोठा वाटा रवी फिरविण्यात नव्हे, पाणी तापविण्यात जाई.

दीडशे लिटर म्हणजे किती, हे मराठी वाचकाला सांगावयास नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला गेली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर पाणी होते. एवढ्या पाण्यात या जुन्या यंत्रांच्या सुमारे तीन हजार तीनशे खेपा झाल्या असत्या. कान्सासमधील बर्न नावाच्या जेमतेम दोनशे वस्तीच्या खेड्यात १९९७ साली अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने आणि मेटॅगने मिळून एक प्रयोग केला. गावातील शंभरावर घरांची जुनी यंत्रे काढून तेथे आडव्या ढोलाची नवी बसविली. तीच माणसे, तेच धुणे. पाणी ३८ टक्क्यांनी आणि ऊर्जा ५८ टक्क्यांनी कमी लागली. कपडे अस्वच्छ राहिले, अशी ओरड काही गावाने केली नाही. आडव्या ढोलात कपडा वर उचलला जातो आणि खाली आपटतो; म्हणजे तेथे परटाचा दगडच लहान रूपात काम करीत असतो. त्याला बुडावयापुरतेही पाणी लागत नाही. जितके पाणी अधिक तितके धुणे स्वच्छ, असे रवीच्या काही उपासकांचे जे ठाम मत आहे, ते या प्रयोगापुढे टिकत नाही.

तेव्हा जानेवारी २००१ मध्ये अमेरिकन सरकारने यंत्रांच्या ऊर्जावापरावर अधिक कडक मर्यादा घातली आणि ती २००४ व २००७ अशा दोन टप्प्यांनी लागू केली, हे योग्यच झाले. घोटाळा झाला तो पुढे. आडव्या ढोलाचे यंत्र महाग. ते वाकून भरावे लागते आणि त्याच्या दाराच्या रबरी पट्ट्यात ओल राहून बुरशी धरते. खुद्द मेटॅगच्या ‘नेपच्यून’ यंत्राबद्दल अशा तक्रारी न्यायालयापर्यंत गेल्या. स्वस्त यंत्र घेणाऱ्यांसाठी कारखानदारांनी उभ्या टबाची जुनी घडण तशीच ठेवून फक्त पाण्याची उष्णता उतरविली. वर्तुळाचा एक भाग लहान केला, पण दुसरा मोठा केला नाही. ‘कन्झ्यूमर रिपोर्ट्‌स’ या ग्राहकांच्या मासिकाने २००७ साली चाचण्या करून सांगितले, की वरून भरावयाच्या नव्या यंत्रांपैकी बरीच यंत्रे पूर्वीसारखे स्वच्छ धूत नाहीत. हे मासिक कोणत्याही रवीच्या प्रेमात नव्हते.

त्यानंतर रवीच गेली. तिच्या जागी तळाशी एक बसकी तबकडी आली. पाणी कपडे ओले होण्यापुरते. ते किती, हे यंत्र ठरवणार. आणि ते ठरविताना कोणी डोकावू नये म्हणून झाकणाला कुलूप. झाकणाच्या कुलपाला सुरक्षिततेचे कारण आहे, कारण नव्या टबाची पिळण्याची गती जुन्यापेक्षा पुष्कळ अधिक असते. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला, की आत कपडे फिरतात की नुसते बसून राहतात, हे घेणाऱ्याला कळेनासे झाले. यंत्र तास-सव्वा तास चालते आणि शेवटी शिटी वाजवते. धुतले असावे, असे समजावयाचे.

अशा वेळी हे विक्षिप्त मानले गेलेले लोक उपयोगी पडले. त्यांना प्रत्येक नवे यंत्र वाईटच वाटते, असे मुळीच नाही. शतकाच्या वळणावर व्हर्लपूलने ‘कॅलिप्सो’ नावाचे यंत्र काढले, त्यात रवीऐवजी एक डुगडुगणारी थाळी होती आणि साबणाच्या पाण्याचा वरून फवारा उडे. ब्रिटनमध्ये २००० साली डायसन यांनी परस्परविरुद्ध दिशांनी फिरणाऱ्या दोन ढोलांचे यंत्र आणले. दोन्हींचे या मंडळींनी मनापासून स्वागत केले, दोन्ही काही वर्षांत बाजारातून गेली, आणि दोन्ही आजही त्यांच्या तळघरांत जपलेली आढळतात. कल्पना नवी असली की त्यांना आनंद होतो; ती कपड्याला हलवीत नसेल तर मात्र ते गप्प बसत नाहीत.

२०१८ चे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. विस्कॉन्सिनमधील रिपन येथील स्पीड क्वीन ही सार्वजनिक धुलाई केंद्रांना यंत्रे पुरविणारी कंपनी. तिचे घरगुती यंत्र म्हणजे जुन्या घडणीचा शेवटचा गड मानला जाई. त्या वर्षी कंपनीने नवी मालिका काढली. तिच्यातही रवी होती, दिसावयास खणखणीत होती. पण ती टबाला जखडलेली होती आणि टबासह फिरे. रवी आणि टब दोन्ही बरोबर फिरू लागल्यावर घुसळण कसली? ताकाचे भांडेही रवीबरोबर फिरविले तर लोणी येत नाही, हे कोणतीही खेड्यातील बाई सांगेल. शौकिनांनी कुलपाला चकवून झाकण उघडे ठेवले, चित्रफिती घेतल्या आणि कपडे जवळजवळ उलटतच नाहीत, हे दाखविले. कंपनीने आपली नवी मालिका बंद केली नाही. तिचे यंत्र टिकाऊ, शांत आणि कपड्यांना जपणारे आहे, असे तिचे म्हणणे होते, आणि त्यात तथ्यही असेल. परंतु त्याच वर्षाअखेरीस जुन्या पद्धतीची घुसळणारी रवी ‘क्लासिक’ या नावाने तिने पुन्हा विक्रीस आणली. नियमाच्या चौकटीत ती बसली कशी? सरकारी चाचणी मुख्यत्वे नेहमीच्या धुण्याच्या टप्प्याची होते. तो टप्पा काटकसरीचा ठेवला आणि टब भरून धुण्याचे टप्पे वेगळे दिले. कायद्याचे पालन झाले आणि ग्राहकाच्या हाती निवडही राहिली. ही पळवाट आहे, असे कोणी म्हणेल. तशी ती आहेच. पण मळकट ओव्हरऑल आणि एकदाच नेसलेली चादर यांना एकाच मापाने पाणी देणारा नियमही फार शहाणपणाचा नव्हता.

पुढे हा वाद राजकारणात शिरला आणि त्याची रया गेली. २०२० च्या अखेरीस ट्रम्प सरकारने झटपट धुणाऱ्या यंत्रांना मर्यादेतून सूट दिली, २०२२ मध्ये बायडन सरकारने ती काढून घेतली, आणि जानेवारी २०२४ मध्ये अपील न्यायालयाने ती काढून घेणे मनमानीचे ठरविले. दोन्ही पक्षांच्या भाषणांत पाणी होते, स्वातंत्र्य होते, पृथ्वी होती. टबात टॉवेल उलटतो की नाही, हा प्रश्न मात्र कोठेच नव्हता.

कारखानदारांना तो कळला, असे दिसते. २०२१ च्या सुमारास व्हर्लपूलने असे यंत्र आणले, की ज्याची रवी हाताने उपसून बाजूला ठेवता येते. मोठी रजई धुवावयाची तर काढावी, मळकट कपडे असतील तर बसवावी. शंभर वर्षांपूर्वी स्नायडरने तळाशी बसविलेली रवी नव्या यंत्रांतून काढून टाकल्यानंतर ती पर्यायी सामान म्हणून परत आली आहे. तिच्या जोडीला काही यंत्रांत झाकणाला काचही आली आहे. मेटॅगचा न्यूटनचा कारखाना मात्र हे पाहावयास राहिला नाही. व्हर्लपूलने ती कंपनी २००६ मध्ये विकत घेतली आणि पुढल्याच वर्षी कारखान्याला टाळे लागले.

युरोपात मार्च २०२१ पासून धुलाई यंत्राचे सुटे भाग दहा वर्षे उपलब्ध ठेवण्याचे बंधन कारखानदारांवर आहे. ज्यांनी चार खटक्यांसाठी जुनी यंत्रे धुंडाळली, त्यांना त्याचे मोल सांगावयास नको. त्याच महिन्यापासून तेथील यंत्रांवर जे नवे लेबल लागते, त्यावर शंभर धुण्यांची वीज, एका धुण्याचे पाणी, लागणारा वेळ, आवाज आणि पिळण्याची प्रत हे सारे छापलेले असते. मळ किती निघतो, याचा रकाना पूर्वी होता. आता सर्वच यंत्रे किमान पातळी गाठतात, अशा समजुतीने २०१० मध्ये तो काढून टाकण्यात आला. तो परत मागणारी ग्राहक संघटना कोणत्याही देशात निघाली, तर चाचणीसाठी मळके टॉवेल घेऊन येणारी माणसे तिला आयती मिळतील.